सहा आंकड्यांची सही

गेल्या चैत्रांत एके दिवशीं सकाळीं शेजारच्या वाडींतील एक वृद्ध खातेदार हातांत घडी केलेला कागद घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसले. त्यांस आम्ही आबा म्हणतों. कागद शेतकरी ओळखपत्राच्या नोंदणीचा होता. त्यांत कांहीं चुकलें आहे अशी आबांस शंका होती, म्हणून ते केंद्रावर गेले; तेथील मुलानें सांगितलें, "तुमची सही झालेली आहे, आतां माझ्या हातीं कांहीं नाहीं." आबांचें म्हणणें असें : "भाऊसाहेब, मीं सही केलीच कुठं? पेन हातांत धरलं नाहीं, शाईला अंगठा लावला नाहीं. त्या पोरानं मोबाईलवर आलेले आंकडे विचारले, ते सांगितले. याउपर मीं कांहीं केलेलं नाहीं."

आबा खरें बोलत होते आणि तो मुलगाही खरें बोलत होता. आबांनीं जे सहा आंकडे मोठ्यानें वाचून दाखविले त्यासच कायद्यानें सही म्हणतात. अंगठ्याहूनही ती घट्ट, कारण अंगठ्याविषयीं न्यायालयांत वाद घालतां येतो. या सहीविषयीं वाद घालणें कठीण आहे.

येथें आम्हांस प्रथम कबूल केलें पाहिजे कीं, आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें आणि नोकरी महसुलांतील कारकुनीची. संगणकशास्त्रांत आमचा अधिकार नाहीं. परंतु आमचीं तीस वर्षें दुसऱ्यांच्या सह्या तपासण्यांत, जुळविण्यांत आणि (लपवून काय उपयोग?) पुष्कळदां सह्यांच्या मागें धांवण्यांत गेलीं. या मासिकांत बियाणें, खतें आणि बाजारभाव यांची चर्चा चालत असतां सहीचा विषय कशास, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, आमच्या पाहण्यांत अवर्षणानें गेलेल्या जमिनी थोड्या आणि सहीनें गेलेल्या पुष्कळ.

सहीचीं कामें मुळांत दोन. हा कागद कोणाचा हें सांगणें, हें पहिलें. सही झाल्यानंतर कागदांत कोणीं कांहीं घुसडलेलें नाहीं हें सांगणें, हें दुसरें. पहिलें सर्वांच्या ध्यानांत येतें. दुसऱ्याचा विसर पडतो, आणि लबाडाचा सारा धंदा त्या दुसऱ्यावरच चालतो. आपल्या पूर्वजांस दोन्ही कामें ठाऊक होतीं. मराठेशाहींतील कागदांवर पाटील नांगराची निशाणी करीत असे व कुळकर्णी लेखणीची. ज्यास अक्षर येत नसे त्याची ओळख त्याच्या औतानें पटे. ही पहिल्या कामाची तजवीज झाली. दुसऱ्यासाठीं छत्रपति शिवाजी महाराजांच्या पत्रांत शिरोभागीं मुद्रा आणि शेवटीं 'मर्यादेयं विराजते' असें लहान मोर्तब असे. त्याचा अर्थच असा कीं, लेखाची मर्यादा येथें संपली. याखालीं कोणीं ओळ वाढविली तर ती आमची नव्हे. कागद लांब असून अनेक बंद चिकटविलेले असले तर जोडावर पाठीमागून शिक्का होई, म्हणजे मधला बंद काढून दुसरा घालतां येऊं नये.

इंग्रजी अमलांत अंगठा आला. १८५८ सालीं बंगाल्यांत जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या अंमलदारानें रस्त्याचें सामान पुरविणाऱ्या एका मक्तेदाराकडून करारावर हाताच्या पंजाचा ठसा घेतला, तेथून या पद्धतीचा आरंभ समजतात. अंगठा पहिलें काम उत्तम करतो, दुसरें मुळींच करीत नाहीं. कोऱ्या कागदावर घेतलेला अंगठा पुढें काय काय करतो, तें दक्खनच्या शेतकऱ्यास नव्यानें सांगावयास नको.

आतां यंत्रांतील कागदांवरच्या सह्यांकडे वळूं. त्या सर्वांस मिळून 'इलेक्ट्रॉनिक सही' असें नांव आहे; 'डिजिटल सही' ही त्यांतील एक विशिष्ट जात. या दोन शब्दांचा घोटाळा शिकलेले लोकही करतात, आणि कांहीं दुकानदार तो जाणून करतात.

सर्वांत हलकी जात म्हणजे सहीचें चित्र. कागदावर सही करावयाची, तिचें छायाचित्र काढावयाचें आणि पत्राच्या तळाशीं चिकटवावयाचें; किंवा कांचेवर बोटानें गिरवावयाची. अशी सही अगदींच निरर्थक आहे असें नव्हे. करार यंत्राच्या साधनांनीं झाला एवढ्याच कारणास्तव तो अमलांत येण्यास अपात्र ठरत नाहीं, असें कायदाच म्हणतो. परंतु एका पत्रावरील चित्र उचलून दुसऱ्यावर ठेवण्यास निमिषही लागत नाहीं, आणि वाद निघाला तर ज्यानें तें पुढें केलें त्यानेंच सगळा पुरावा आणावयाचा. आपल्या संघाच्या सभेच्या सूचनेवर अध्यक्षांची सही अशीच छापलेली असते. त्यास आमची हरकत नाहीं. सभेचें आमंत्रण बनावट करून कोणास काय मिळणार? पण गेल्या खरिपांत खताच्या उचलीच्या पत्रावरही तेंच चित्र आम्हीं पाहिलें, आणि तें आम्हांस मुळींच आवडलें नाहीं.

दुसरी जात खरी डिजिटल सही. तिचें यंत्रशास्त्र भीतिदायक वाटतें, पण त्याचें मूळ ज्यानें मराठी शाळेंत गुणाकाराचा ताळा पाहिला आहे त्यास समजण्याजोगें आहे. आंकड्यांची बेरीज करीत करीत एक आंकडा उरवावयाचा, आणि दोन्हीकडचा जुळला कीं गणित बरोबर समजावयाचें. त्या ताळ्यांत एक मोठें भोंक होतें. ७२ च्या जागीं २७ लिहिले तरी ताळा जुळे, कारण दोहोंची बेरीज नऊच. आणि कारकुनाच्या हातून व्हावयाची चूक नेमकी ही, आंकड्यांची उलटापालट. आमच्या पहिल्या वर्षीं जमाबंदीच्या एका तक्त्यांत अशाच एका चुकीनें आमचे दोन दिवस खाल्ले होते. आतांचें यंत्र सबंध दस्तऐवजाचा असाच ताळा काढतें. त्यास हॅश म्हणतात. सध्यां पुष्कळ वापरांत असलेल्या एस.एच.ए.-२५६ या रीतीनें तो चौसष्ट चिन्हांचा येतो, मग कागद दोन ओळींचा असो कीं दोन हजार पानांचा. कागदांत एक स्वल्पविराम बदलला तरी ताळा पार निराळा येतो, आणि दोन निराळ्या कागदांचे ताळे मुद्दाम जुळवून आणणें आजच्या यंत्रांच्या आवांक्यांतलें नाहीं. शिवकालीन मोर्तब व जोडावरचा शिक्का यांचें काम हा ताळा करतो.

त्या ताळ्यावर मग किल्ली फिरते. किल्ल्या दोन, एकमेकींच्या जोडीच्या. खाजगी किल्ली सही करणाराजवळच राहते. जाहीर किल्ली कोणासही द्यावी. खाजगीनें केलेली सही जाहीरनें पडताळतां येते, परंतु जाहीर किल्ली हातीं आहे म्हणून कोणास खाजगी किल्ली घडवितां येत नाहीं. अमेरिकेंत डिफी व हेलमन या दोघांनीं ही कल्पना १९७६ सालीं प्रसिद्ध केली, आणि पुढील वर्षीं रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या तिघांनीं ती प्रत्यक्षांत आणणारी रीत शोधिली. त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला आर.एस.ए. म्हणतात.

पण ही जाहीर किल्ली अमक्याचीच, हें कोणीं सांगावयाचें? त्यासाठीं प्रमाणपत्र. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलांत आहे. त्याखालीं केंद्र सरकारनें एक नियंत्रक नेमला असून, तो परवाना देईल त्याच संस्था मनुष्याची ओळख पटवून प्रमाणपत्र देतात. खाजगी किल्ली एका बोटभर टोकनमध्यें बंद असते आणि टोकनास सांकेतिक शब्दाचें कुलूप असतें. मुदत साधारणतः एक ते तीन वर्षें. पूर्वीं ओळख किती काटेकोरपणें पटविली यावरून या प्रमाणपत्रांचे वर्ग होते. त्यांतील दुसरा वर्ग १ जानेवारी २०२१ पासून बंद झाला. कंपनीचीं, निविदांचीं व करांचीं कामें आतां तिसऱ्या वर्गावर चालतात.

तिसरी जात आबांची. २००८ सालच्या दुरुस्तीनें, जी पुढील वर्षीं ऑक्टोबरांत अमलांत आली, कायद्यानें टोकनच्या सहीखेरीज इतर रीतींसही वाट करून दिली; आणि २०१५ सालीं आधार क्रमांकावर चालणाऱ्या ई-साइनचे नियम झाले. येथें टोकन नाहीं. तुमच्या नोंदलेल्या मोबाईलवर सहा आंकडे येतात, तेच तुम्ही परत देतां (किंवा बोटाचा ठसा देतां), आणि आधारकडून ओळख पटते. मग दूर कोठेंतरी असलेल्या यंत्रांत तुमच्या नांवाची किल्ल्यांची जोडी त्या एका सहीपुरती तयार होते, प्रमाणपत्र निघतें, कागदाच्या ताळ्यावर सही होते आणि खाजगी किल्ली नष्ट केली जाते. त्या प्रमाणपत्राची मुदत अवघा अर्धा तास. सही मात्र कायमची. आपल्या राज्यांत २०२४ च्या डिसेंबरांत ॲग्रिस्टॅकची शेतकरी नोंदणी सुरू झाली, तिची शेवटची पायरी हीच आहे. म्हणजे आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं, आबांप्रमाणेंच, अशी सही एकदां तरी केलेली आहे. आपण ती केली हें त्यांतील किती जण जाणतात?

घोटाळा होतो तो असा. सहा आंकडे सर्वत्र सारखेच दिसतात. पी.एम. किसानच्या ई-केवायसीस जे सहा आंकडे द्यावे लागतात त्यांचा अर्थ इतकाच कीं, 'तो मीच'. बँकेच्या व्यवहारांतील आंकड्यांचा अर्थ, 'माझ्या खात्यांतून इतके रुपये द्या'. ई-साइनच्या आंकड्यांचा अर्थ, 'वरील सर्व मजकूर मीं पाहिला, तो मला मान्य आहे, खालीं माझी सही'. पहिल्यांत मनुष्य आपली ओळख देतो, दुसऱ्यांत पैसे देतो, तिसऱ्यांत शब्द देतो. आंकड्यांबरोबर येणाऱ्या संदेशांत बहुधा कारण लिहिलेलें असतें, पण तें इंग्रजींत व बारीक अक्षरांत. आणि वाचावयास चष्मा शोधीपर्यंत केंद्रावरचा मुलगा "बाबा, लौकर सांगा, वेळ संपतोय" म्हणून ओरडत असतो. शिवाय केंद्राची रचनाच पाहा. पडदा चालकाकडे तोंड करून, फोन शेतकऱ्याच्या हातांत. ज्याची सही व्हावयाची त्यास कागद दिसत नाहीं, आणि ज्यास कागद दिसतो त्याची सही व्हावयाची नसते. आमच्या काळीं कोऱ्या कागदावर अंगठा घेणारास लोक निदान वाईट तरी म्हणत.

आतां सातबाऱ्याविषयीं, कारण तेथें चूक उलट दिशेची आहे. १ मे २०१८ रोजीं राज्यानें डिजिटल सहीचा सातबारा सुरू केला. पंधरा रुपये भरले कीं तो घरबसल्या मिळतो. त्यांतील नमुना सात डिजिटल सहीचा व नमुना बाराची माहिती स्वयंप्रमाणित, म्हणून तलाठ्याच्या (त्यांस २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचें) सही-शिक्क्याची जरूर नाहीं, असें उताऱ्यावरच छापलेलें असतें. डिसेंबर २०२५ मध्यें शासनानें परिपत्रक काढून हें पुनः स्पष्ट केलें. असें असूनही कित्येक ठिकाणीं कर्जाच्या टेबलावरून शेतकऱ्यास "यावर भाऊसाहेबांचा शिक्का मारून आणा" म्हणून परत धाडतात. हें अज्ञान खर्चिक आहे, पण आम्हांस त्याहून दुसऱ्या अज्ञानाचें भय अधिक वाटतें. तें असें : छापलेल्या कागदावर डिजिटल सही नसते. ती पीडीएफ फाइलींत असते. कागद छापला कीं खालीं उरतें तें केवळ 'सही झाली होती' असें सांगणारें चित्र, आणि चित्राविषयीं वर लिहिलेंच आहे. कोणीं फाइलींतला मजकूर बदलून छापला तर कागद तो बदल सांगणार नाहीं. यासाठींच उताऱ्यावर पडताळणी क्रमांक व क्यू-आर कोड दिलेला असतो. तो क्रमांक सरकारी संकेतस्थळावर घातला कीं मूळ उतारा समोर येतो, आणि हातांतील कागद त्याच्याशीं ताडून पाहतां येतो. म्हणून शिक्का मागणाराही चुकला आणि नुसता कागद पाहून फाइलीस लावणाराही चुकला. क्रमांक घालून पाहणारा मात्र बरोबर, आणि असा मनुष्य आमच्या तालुक्यांत आम्हांस आजवर एकच भेटला. फुकट पाहावयास मिळणारा उतारा निराळा. तो केवळ माहितीसाठीं आहे, सरकारी वा कायदेशीर कामास चालत नाहीं.

फाइलच हातीं असेल तर पडताळणी यंत्रावरही होते. तेथें पुष्कळांस पिवळें प्रश्नचिन्ह दिसतें आणि ते घाबरतात. आधारपत्राची फाइल उघडून पाहणारांनीं तें पाहिलें असेलच. तें चिन्ह 'सही खोटी' असें म्हणत नाहीं. आपल्या यंत्रास अजून भारताच्या नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्राची ओळख नाहीं, इतकेंच त्याचें म्हणणें असतें. एकदां ओळख करून दिली कीं तेथें हिरवी खूण येते. मात्र सहीनंतर मजकूर बदलला आहे असा संदेश आला, तर त्या कागदावर व्यवहार करूं नये.

टोकनाविषयीं लिहावयाचें तें लिहितांना हात थोडा अडखळतो. अनेक वर्षांपूर्वीं आम्ही एका कचेरींत होतों. फेरफारांचा ढीग मोठा, वरिष्ठ सज्जन पण यंत्रास भिणारे. त्यांनीं टोकन व सांकेतिक शब्द आमच्या टेबलाच्या खणांत ठेवावयास दिले. आम्हींही ते घेतले. काम लौकर उरकतें याचा थोडा अभिमानही होता. पुढें एका वारसाच्या फेरफारावर हरकत आली. नोंद प्रमाणित झाली तो दिवस पाहिला, तर त्या दिवशीं साहेब कन्येच्या विवाहासाठीं दुसऱ्या जिल्ह्यांत होते. यंत्र म्हणे, सही साहेबांची. साहेबांस ती आपली म्हणवेना, आणि नाकारावयाचें तर टोकन दुसऱ्यास दिल्याचें कबूल करावें लागे. नोंद तशी खरी होती, म्हणून प्रकरण निभावलें. ती खोटी असती तर काय झालें असतें, या विचारानें आम्हांस पुढें कित्येक रात्री झोंप आली नाहीं. तें टोकन त्या दिवशीं आम्हीं परत केलें, पण दोष आमचा होता, आणि तो येथें लिहून ठेवतों.

हें सांगण्याचें कारण शेतकरी उत्पादक कंपन्या. कंपनी कायद्याखालील या संस्थांत निदान पांच संचालक लागतात, आणि कंपनीचे कागद सरकारदरबारीं दाखल करावयास डिजिटल सही लागते. संचालक आपलेच शेतकरी बंधु. त्यांस विचारावें, तुमचें टोकन कोठें आहे? पुष्कळ जण हंसून सांगतात, "तें सल्लागाराकडं असतं." सांकेतिक शब्द? "तोही त्यालाच ठाऊक." आम्ही सल्लागारांस दोष देत नाहीं, त्यांतील बहुतेक सरळ आहेत, आणि सहीसाठीं पांच गांवें फिरण्याचा त्रास वाचवितात. पण कायद्याचें ४२ वें कलम असें सांगतें कीं, खाजगी किल्ली आपल्या ताब्यांत ठेवण्याची काळजी प्रमाणपत्रधारकानें घ्यावयाची. ती दुसऱ्याच्या हातीं गेली तर विलंब न लावतां प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेस कळवावयाचें. आणि कळवीपर्यंत जबाबदारी त्याचीच. दुसऱ्याची सही लबाडीनें वापरणारास तीन वर्षेंपर्यंत कैद व एक लाखपर्यंत दंड सांगितला आहे खरा (कलम ६६-क), परंतु आपण होऊन किल्ली देणारास त्या कलमाचा आधार कितपत मिळेल याची आम्हांस शंका आहे. सुरक्षित ठरलेली सही ज्याची आहे त्यानेंच ती मान्यतेनें केली, असें न्यायालय उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरतें. तें उलट सिद्ध कोणीं करावयाचें? ज्याचें टोकन दुसऱ्याच्या खणांत आहे त्यानें.

आतां आमचें मत. ही सही वाईट आहे, जुना अंगठा बरा होता, असें आम्ही म्हणत नाहीं. मागील तारखेचे शिक्के, खाडाखोड केलेलीं पानें आणि एका सहीसाठीं तालुक्यास घातलेले सात हेलपाटे आम्हीं या डोळ्यांनीं पाहिले आहेत. गणितानें घडविलेलें हें कुलूप आजवरच्या सर्व कुलपांत पक्कें आहे, आणि म्हणूनच आम्हांस चिंता वाटते. कुलूप कच्चें होतें तोंवर भोळ्या मनुष्यास पळवाट असे : अंगठा माझा नव्हे, अक्षर माझें नव्हे, पान बदललें. आतां ती वाट बंद झाली. तेव्हां सही होण्यापूर्वींचा क्षण जपला पाहिजे, आणि त्या क्षणाची काळजी कोणतेंही यंत्र घेत नाहीं.

ती पूर्वीं एका कायद्यानें घेतली होती. १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. १२ मे रोजीं सुपें येथें आरंभ झाला. त्यानंतर चौकशी होऊन १८७९ सालीं दक्खनच्या शेतकऱ्यांसाठीं निराळा कायदा झाला. त्यांत एक तजवीज अशी होती कीं, शेतकऱ्यानें लिहून द्यावयाचा दस्त ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखालीं लिहावा, तो मोठ्यानें वाचून दाखवावा आणि मगच त्याच्या समक्ष सही किंवा निशाणी घ्यावी. तसें नसेल तर तो दस्त पुराव्यांत घेऊं नये. त्या कायद्याच्या इतर गुणदोषांविषयीं मतभेद आहेत. पण ज्यास वाचतां येत नाहीं त्याची सही घेण्यापूर्वीं त्यास मजकूर ऐकवावा, ही गोष्ट आज कोणत्याही पडद्यावर घडत नाहीं. तेथें एक चौकोन असतो, त्यांत खूण करावयाची आणि 'मीं वाचलें' असें म्हणावयाचें. ती खूणही दुसरेंच कोणी करतें.

म्हणून आमची आपल्या संघास विनंति आहे कीं, बाजाराच्या दिवशीं संघाच्या कचेरींत एक टेबल मांडावें, ज्यावरचा पडदा शेतकऱ्याकडे वळविलेला असेल. ज्यास ई-साइन करावयाची आहे त्यास प्रथम सबंध मजकूर मराठींत वाचून दाखवावा. आंकडे मागवावयाचे ते त्यानंतर, आणि ते शेतकऱ्यानें स्वतः दाबावे किंवा आपल्या घरच्या माणसाकडून दाबवावे. सही झालेली फाइल त्याच्या मोबाईलवर तेथेंच पाठवावी. एका वहींत तारीख व कागदाचें नांव लिहून ठेवावें. आंकडे लिहूं नयेत, ते कोणत्याही वहींत नसावेत. कर्जासाठीं येणारे सातबारे पडताळणी क्रमांक घालून पाहावे, आणि खताच्या उचलीवरील अध्यक्षांच्या सहीचें चित्र बंद करावें. उत्पादक कंपनीच्या संचालकांनीं पुढील सभेस आपापलें टोकन मागवून घ्यावें व सांकेतिक शब्द बदलावा.

संघाच्या कार्यवाहांशीं आम्हीं हें बोललों. ते म्हणाले, "भाऊसाहेब, सर्व्हर चालू असतो तासभर, रांग असते पन्नासांची, वाचून दाखवायला लागलों तर दहांचंच काम होईल." हा आक्षेप खोटा नाहीं. अंतिम तारीख जवळ आली कीं केंद्रावर काय गर्दी होते तें आम्हांसही ठाऊक आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, मजकूर वाचण्यास सर्व्हर लागत नाहीं. तो आदल्या दिवशीं छापून घेऊन रांगेंतच वाचतां येतो, आणि एकाच नमुन्याचा अर्ज असेल तर दहा जणांस एकदम ऐकवितां येतो. वाचणारा नसेल तर बाजाराच्या दिवशीं दोन तास आम्ही येऊं. त्याचें कांहीं मूल्य घेणार नाहीं.

एक गोष्ट जातां जातां. मृत्युपत्र व न्यासपत्र या कायद्याच्या बाहेरच ठेवलेलीं आहेत. त्यांवर डिजिटल सही चालत नाहीं. २०२२ सालीं त्या अपवादांच्या यादींत बदल होऊन कांहीं कागदांस मोकळीक मिळाली, पण मृत्युपत्रास नाहीं. कोणी "ऑनलाइन मृत्युपत्र करून देतों, आधारवर सही घेतों" म्हणाला तर त्यास नमस्कार करावा आणि कागद, शाई व दोन साक्षीदार घेऊन बसावें.

आबांचा कागद त्या दिवशीं आम्हीं ओट्यावर वाचून दाखविला. त्यांच्या नांवावर दोन गट. नोंदींत एकच आलेला, दुसरा भावाबरोबर सामाईक असलेला सुटलेला. खालीं सर्व माहिती खरी व पूर्ण असल्याची आणि ती सरकारी योजनांसाठीं वापरण्यास संमति असल्याची कबुली, आणि तिच्याखालीं आबांची सही. आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सामाईकचा गट गेला तर धाकटा काय म्हणेल?" गट कोठें गेलेला नाहीं, सातबाऱ्यावर तो जसाच्या तसा आहे, सुटला तो ओळखपत्राच्या नोंदींत, असें त्यांस समजावून सांगितलें. दुरुस्तीचा अर्ज करावयास आम्ही दोघे दुसऱ्या दिवशीं गेलों. त्या मुलानें पडदा वळविला, आम्हीं मजकूर मोठ्यानें वाचला, दोन्ही गटांचे क्रमांक आबांनीं आपल्या तोंडानें म्हटले. आंकडे आले तेव्हां त्यांनीं मोबाईल दुसऱ्याच्या हातीं दिला नाहीं. चष्मा लावून एकेक आंकडा त्यांनीं स्वतःच दाबला. त्यास थोडा वेळ लागला, आणि मागच्या रांगेंतले कुरकुरले.